घसरगुंडीतला खिळा

चिमणी शाळेतून आली ती गुडघा खरचटून. आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कुणी ढकललं?"

"कुणी नाही गं. घसरगुंडीवरून मीच पडले."

"मीच पडले म्हणे! कुणाला पाठीशी घालतेस?"

दूध नासलं, तरी आजी आधी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग पातेल्याकडे. तिच्या हिशेबी जगात आपोआप काही घडत नाही, कुणीतरी काहीतरी लपवत असतं. दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत उभी राहिली.

"एक तर घसरगुंडीला खिळा वर आलाय, नाहीतर तुमचे खेळाचे सर झोपा काढतात. काय ते कबूल करा आणि बंद करा ते लचांड!"

मोठ्या बाई आधीच टेकीला आलेल्या. "बरं आजी. यापुढे कुणी एक जरी पडलं, तरी घसरगुंडीला कुलूप. झालं समाधान?"

आजीचं झालं. दाराआड उभ्या चिमणीचे डोळे मात्र डबडबले. "काय केलंस हे आजी? आता आमचा खेळच बंद!"

"हातपाय शाबूत राहिले तर खेळशील."

मधल्या सुट्टीत आजी मैदानात हजर. सर तोंडात शिट्टी धरून उभे होते. मुलांकडे एकदा बघायचे आणि आजीकडे चारदा. आजीचा संशय पक्का झाला. हा एवढा बघतोय म्हणजे खिळा आहेच! तिने घसरगुंडीचं खालचं टोक चाचपलं. गुळगुळीत. म्हणजे वर असणार. ती शिडी चढू लागली.

"अहो आजी, ती लहानांची आहे!"

"लहानांचीच आहे, म्हणूनच बघतेय!"

वरही खिळा नव्हता. हिरमुसून ती मागे वळली, तर शिडीच्या पायरीपायरीवर पोरं.

"आजी, चला ना! आमचा नंबर!"

"सर, यांना खाली घ्या. मला उतरायचंय."

"शिडीवरून उलटं उतरायचं नाही, आजी. सुरक्षेचा नियम आहे," सर पडेल आवाजात म्हणाले.

आजीने लुगडं आवळलं, डोळे मिटले आणि निघाली. ती थांबली ती वाळूच्या पलीकडे, गुडघ्यावर.

सर धावत आले. "आजी पडल्या! मोठ्या बाईंना सांगायला..."

आजीने मान वर केली. समोर चिमणी, दोन्ही हात जोडून.

"कोण पडलं?" आजी कडाडली. "मी बसलेय. वाळू पुरेशी आहे का बघतेय. नाहीये, आणखी टाका. आणि मुलांवर लक्ष ठेवायचं सोडून माझ्याकडे काय टकामका बघत होतात?"

"सगळ्या मैदानात पडण्यासारख्या तुम्ही एकट्याच दिसत होतात, आजी."

आजीने लुगड्यावरची वाळू झटकली आणि लंगडत घराची वाट धरली.

संध्याकाळी सुनेने तिचं लंगडणं हेरलं. "आई, गुडघा केवढा खरचटलाय! कुणी ढकललं?"

"कुणी नाही गं. पलंगाला आपटला."

या सासूच्या हाताखाली तयार झालेली सून ती! तिने डोळे बारीक केले. "पलंगाला म्हणे! कुणाला पाठीशी घालताय?"

चिमणीने मलमाची डबी आणली आणि फुंकर घालत कानाशी कुजबुजली, "आजी, शेवटी पाय टेकवायचे असतात. काल मीपण तिथेच चुकले."

आजीने दाराकडे बघून घेतलं. सून आत गेली होती.

"उद्या नीट दाखव," ती हळूच म्हणाली.