त्यागीजींची रायफल आणि आईचं पंचामृत

जुनं मॉडेल घ्यावं की नवं, या प्रश्नावर पंच्याण्णव साली दिल्लीला लागून असलेल्या अख्ख्या वैशालीत माझ्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाईच आहे, पण खरी आहे! दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात माझं कामच ते होतं. आमची कंपनी कपडे धुण्याची मशिनं विकायची आणि मी तुलनेचे तक्ते बनवायचो. डावीकडे जुनं मॉडेल, उजवीकडे नवं, खाली गुणांची बेरीज. त्या दिवसांत बाजारात रोज काहीतरी नवीन यायचं आणि माणसं भांबावून जायची. शेजाऱ्यांनी फ्रिज माझ्या तक्त्यावर घेतला, समोरच्यांनी स्कूटर घेतली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई तर मिक्सरसाठी दोनदा येऊन गेल्या. मी कोणालाही नाही म्हटलं नाही.

त्यामुळे नवमीच्या सकाळी आमचे घरमालक हरिदास त्यागी दोन्ही खांद्यांना एकेक रायफल अडकवून जिना चढून आले, तेव्हा अलकनंदा, म्हणजे आमची ही, घाबरून बाळाला घेऊन आत पळाली. मी मात्र खुर्ची पुढे केली.

"पद्माकर बाबू, आप तो मॉडल के आदमी हैं," ते म्हणाले. "बताइए, कौन-सी रक्खूँ?"

एक रायफल त्यांच्या वडिलांची, दुसरी त्याच बनावटीची नवी. दोन्हींची रीत एकच. दर गोळीला बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग चाप दाबायचा. दुकानदाराशी बोली अशी होती, की दसऱ्यापर्यंत दोन्ही ठेवून बघा आणि नको ती दुकानात जमा करा. शिकार म्हणाल तर तिच्यावर बंदी येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. त्यागीजींचे वडील जिथे नीलगाईमागे धावले, तिथे आता सेक्टर चार होता आणि त्यात आमच्यासारखे भाडेकरू राहत होते. पण दसऱ्याला त्यांच्या कल्पनाची सगाई होती. पाहुणे गच्चीवर आले की मुलीच्या बापाने हवेत बार काढायचा, ही त्यांच्याकडची पद्धत. त्यासाठी रायफल हवी.

आता खरं सांगतो, दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे मी आयुष्यात काही हातात धरलेलं नव्हतं. तसं सांगून मोकळं व्हायचं होतं. पण त्यागीजींना नाही कसं म्हणणार? पुण्याहून आलो तेव्हा परक्या मुलखातल्या नवरा-बायकोला घर द्यायला कोणी तयार नव्हतं, ते यांनी दिलं. बसवाल्यांच्या संपाच्या दिवशी अलकनंदाला कळा सुरू झाल्या, रिक्षासुद्धा मिळेना, तेव्हा याच माणसाने ट्रॉलीत दोन रजया अंथरून तिला स्वतः ट्रॅक्टर चालवत हॉस्पिटलात पोचवलं. आमचा निहार त्या ट्रॅक्टरवर जन्मायचा फक्त दहा मिनिटांनी राहिला. आणि कल्पना तर रोज संध्याकाळी वर येऊन त्याला तेल लावायची. सगाईसाठी ठरलेला मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे तिने घरात कोणाला सांगायच्या आधी अलकनंदाला सांगितलं होतं.

"एक तास द्या," मी म्हणालो. त्यागीजींनी रायफली रिकाम्या असल्याचं बोल्ट उघडून दाखवलं, दिवाणावर ठेवल्या आणि तंबूवाला आला म्हणून खाली गेले.

मी कामाला लागलो. निहारच्या वजनकाट्यावर दोन्ही मोजल्या. दोन्ही निहारपेक्षा हलक्या निघाल्या. शिंप्याच्या टेपने लांबी घेतली. पुढे काय विचारायचं ते सुचेना, म्हणून ऑफिसातलेच रकाने घातले. दिसायला कशी, सुटे भाग मिळतात का, विजेचा वापर, पाण्याचा वापर. शेवटच्या दोन्हींत दोघींनाही पैकीच्या पैकी गुण पडले. नवी एकसष्ट, जुनी चौपन्न. मग तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवायला मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

इथे माझ्या आईची ओळख करून द्यायला हवी. नातवाला बघायला कुसुमावतीबाई पुण्याहून आल्या होत्या आणि त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळपासून तिने पाट मांडून विळी, कात्री, माझा पाना, पक्कड आणि स्टेपलर अशी सगळी हत्यारं पूजेला बसवली होती. चाळीस वर्षं ती बिचारी कात्रीलाच शस्त्र मानत आली. आणि आज दिवाणावर दोन-दोन रायफली!

"पद्या, यातली थोरली कोणती रे?" बाहेरून तिने विचारलं.

"डावीकडची," मी मान वर न करता म्हणालो.

थोरलीचा मान मोठा. धाकटीला नुसतं हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळालं. थोरलीला पाटाशेजारी परातीत घेऊन आईने पंचामृताचा यथासांग अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर! मधाची तर अर्धी बाटली. बोल्ट उघडाच होता, त्यामुळे देवीला काही कमी पडलं नाही.

"अहो, जरा बाहेर या," अलकनंदाचा आवाज आला. तिचा असा आवाज आला की मी चप्पल न शोधता येतो.

निहारची तीन लंगोटं खर्ची घालून आम्ही रायफल वरून पुसली. आतलं मात्र आईने पुसू दिलं नाही. ते तीर्थ आहे, आपोआप सुकू द्यायचं, म्हणाली. मी तिला यंत्राविषयी दोन शब्द सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यागीजी वर आले.

कुंकू आणि झेंडू बघून तो सहा फुटी माणूस दारातच थांबला. त्याने पागोट्याच्या शेवाने डोळे टिपले. वडील गेल्यापासून या बंदुकीला कोणी हात जोडले नव्हते, म्हणाले. आईच्या पाया पडले. बोल्ट खटकन बंद केला आणि "कल तो यही चलेगी" असं जाहीर करून दोन्ही रायफली घेऊन गेले. माझ्या हातातल्या तक्त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांचा इतका आनंद मोडवेना, असं मी अलकनंदाला म्हणालो. "घाबरलात," ती म्हणाली. तेही होतंच.

दसऱ्याला दुपारी गच्चीवर तंबू लागला. हापूडहून मुलाकडची मंडळी आली. मुलाचे वडील सुधाकर मास्टरजी शाळेचे हेडमास्तर होते. बारीक, शांत माणूस. डावा हात सतत कोटाच्या खिशात. जिलब्या फिरल्या, हार घातले गेले आणि त्यागीजी रायफल घेऊन गच्चीच्या मध्यभागी उभे राहिले. मी पुढे सरकून बघितलं. बोल्टच्या फटीत मुंग्यांची रांग शिस्तीत आत जात होती. त्यागीजींना थांबवायला मी हात वर केला.

पण माझ्याआधी मास्टरजी उठले. चेहरा पांढराफटक. "चलो," ते आपल्या माणसांना म्हणाले. "यह रिश्ता नहीं होगा."

गच्चीवर कोणी हलेना. काय झालं, कोणालाच कळेना. जिन्याच्या दारात कल्पना हातात ताट धरून उभी होती. त्यागीजींची पाठ मास्टरजींकडे होती, त्यांना यातलं काही ऐकूच आलं नाही. ते बोल्ट ओढत होते. बोल्ट येईना. त्यांनी दात-ओठ खाल्ले, गुडघ्याशी धरून ओढला, तरी येईना. शेवटी घामाघूम होऊन ते वळले आणि थेट माझ्याकडे बघायला लागले.

मी "त्यागीजी, वो ऐसा है" एवढंच म्हणालो. तेव्हा आई उठली.

"वो नहीं चलेगा," ती आपल्या सदाशिव पेठी हिंदीत म्हणाली. "कल मैंने पूजा किया है. पूजा के बाद शस्त्र को आराम होता है."

मास्टरजी जिन्याच्या तोंडाशी थबकले. "पूजा करने को किसने कहा था, माताजी?"

"किसने यानी? इन्होंने ही ऊपर लाके दिया," आईने त्यागीजींकडे बोट दाखवलं. यातला शब्दन् शब्द खरा होता, हे लक्षात घ्या.

मास्टरजी परत आले. त्यांनी खिशातला डावा हात बाहेर काढला. त्याला तीनच बोटं होती. थोरल्या भावाच्या लग्नात कोणीतरी आनंदाने बार काढला होता, त्यात दोन गेली. आमच्या घरच्या कार्यात गोळी उडणार नाही, ही एकच अट त्यांनी मध्यस्थाला सांगितली होती. मध्यस्थ त्या वेळी जिलबीच्या परातीत काहीतरी फार बारकाईने शोधत होता. निरोप त्याने पोचवलाच नव्हता.

"आणि मी समजलो, तुम्ही मुद्दाम बंदूक काढलीत," मास्टरजी हिंदीत म्हणाले. "तुम्ही तर तिला पूजेला बसवून कायमची गप्प केलीत. माझा इतका विचार आजवर कोणी केला नव्हता." आणि त्या तीन बोटांच्या हातात त्यांनी त्यागीजींचा हात घट्ट धरला.

त्यागीजींनी त्या हाताकडे पाहिलं. मग रायफलीकडे. मग जिन्याच्या दारातल्या लेकीकडे. ते खोटं बोलणारे नव्हते, पण त्या क्षणी खरं काय ते त्यांनी ठरवलं असावं. रायफल त्यांनी आईच्या पायाशी ठेवली.

"अब ये कभी नहीं चलेगी," ते म्हणाले.

सगाई झाली. कल्पनाने सगळ्यांत आधी वाकून आईला नमस्कार केला आणि मग अलकनंदाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन पंचामृताची सगळी कबुली दिली. घर सोडावं लागेल अशी मनाची तयारी करून गेलो होतो. त्यागीजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हसता हसता खुर्चीवरून घसरले आणि मला असं कवटाळलं की बरगड्या दोन दिवस दुखत होत्या. मी मनात म्हटलं, ट्रॅक्टरचे उपकार फेडायला निघालो होतो, तर त्यावर हे आणखी चढले. असल्या माणसाचा भाडेकरू व्हायला नशीब लागतं, आणि असली आई मिळायलाही.

नवी रायफल दुकानात जमा झाली. एकसष्ट गुण मिळवूनही! जुनी बैठकीत भिंतीवर लागली. त्या हिवाळ्यात त्यागीजींनी लग्नात द्यायला कपडे धुण्याचं मशीन घेतलं. मी तक्ता घेऊन खाली गेलो, तर ते पुण्याला फोन लावून आईला विचारत होते, जुनं घेऊ की नवं.

दर खंडेनवमीला ते अजून ती रायफल दोन्ही हातांवर घेऊन वर येतात. आई असली तर तिच्यापुढे, नसली तर माझ्यापुढे ठेवतात आणि हळूच सांगतात, "शहद ज़रा खुलकर डालना."