तिसऱ्या मजल्यावरची साथ

"छापखान्यात हयात गेली, पण आपल्या नजरेतून एक वेलांटी निसटली नाही!" हे मुद्रितशोधक काका ज्याला त्याला ऐकवत. बायको गेली, छापखाना सुटला, ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते भिंतीला ऐकवू लागले. भिंतीनं कधी शंका घेतली नाही.

सुट्टीत आलेली भाची त्यांना एक खेळ शिकवून गेली होती. चौघांनी चार सोंगं घ्यायची, पाचव्यानं गोष्ट सांगायची, आणि अडलं की फासे टाकायचे. काकांना वेडच लागलं. त्यांनी स्वतःची गोष्ट रचली: डोंगरापलीकडच्या गावात गूढ साथ आली आहे, माणसं एकेक करून मुकी होताहेत, आणि वैद्य, चोर, जादूगारीण व तलवारबाज यांनी कारण शोधायचं आहे. खेळायला कुणी नव्हतं, म्हणून काका चार खुर्च्या मांडून चौघांच्याही वतीनं बोलत. तलवारबाज भलताच भांडकुदळ निघाला. एकदा त्याचं जादूगारिणीशी असं वाजलं, की या खुर्चीतून त्या खुर्चीत जाता जाता काकांची कंबर धरली. आता खरी माणसं हवीत, असं त्यांनी कण्हत कण्हत ठरवलं.

जिन्यातल्या फळ्यावर लावायला त्यांनी मजकूर लिहिला. त्यात 'खेळ' हा शब्द दोनदा आला होता. द्विरुक्ती त्यांना जन्मात खपली नव्हती, म्हणून एक खोडला. चहा पिऊन पुन्हा तपासायला बसले, तेव्हा एक खोडलाय हे विसरून दुसराही उडवला. उरलं ते असं: "साथ आली आहे. माणसं मुकी होत आहेत. धाडसी लोक हवेत. रविवारी संध्याकाळी, तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली." वेलांट्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

रविवारी काकांनी खुर्च्या पुसल्या, ठेवणीतले कप काढले आणि वाट पाहत बसले. जिन्यात पावलं वाजत, मजल्यापाशी थबकत आणि दुप्पट वेगानं खाली जात. समोरच्या टेलरबाई, त्याही एकट्याच, नाकाला ओढणी लावून काकांच्या उंबऱ्यावर फिनेल ओतत होत्या. पाहुणे येणार म्हणून हा शेजारधर्म, असं वाटून काकांना भरून आलं.

शेवटी दार वाजलं. बाहेर तोंड बांधलेला नगरपालिकेचा माणूस होता, आणि त्याच्या मागं जिनाभर शेजारी.

"साथ कधीपासून आहे?"

"साथ कुठली आलीय," काका म्हणाले. "बायको होती तोवर होती."

"म्हणजे त्या साथीतच गेल्या?"

"साथ सोडून गेली."

माणूस गोंधळला. घरात आणखी कोण, असं त्यानं विचारलं. काकांनी खुर्च्यांकडे हात करून वैद्यापासून तलवारबाजापर्यंत सगळ्यांची ओळख करून दिली. तो दोन पावलं मागं सरला.

खेळाचा आणि त्यातल्या गावाचा उलगडा झाला तेव्हा जिनाभर हशा पिकला. काकाही हसले. मग एकेक जण तोंडावरचा रुमाल सोडत खाली गेला. इतकी माणसं वर्षानुवर्षांत दारी आली नव्हती, आणि काकांनी ती खुलासा करकरून घालवली. त्यांना रडू येईलसं वाटलं.

टेलरबाई तेवढ्या फिनेलची बाटली धरून उभ्या होत्या.

"पण त्या गावातली माणसं मुकी का होत होती?"

"त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं म्हणून," काका बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली. अख्ख्या खेळाचं रहस्य एका वाक्यात फुटलं होतं. आता खेळण्यात काही राम उरला नाही, असं त्यांनी पडेल आवाजात सांगितलं.

बाई बाटली दाराशी ठेवून आत आल्या आणि पहिल्याच खुर्चीत बसल्या.

"तिथं तलवारबाज बसलाय," काका सवयीनं म्हणाले.

"त्याला म्हणावं, जरा सरक."