खालचा पात्र, वरचा अपात्र

शांतवनमामांनी आमच्या भुऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्याकडे पुरावा मागितला.

भुऱ्या म्हणजे आमच्या गिरणीच्या पायरीवर लोळत पडणारा कुत्रा. मामा दळणाची पिशवी घेऊन आले, पायरीपाशी थांबले आणि त्याला म्हणाले, “कंच्या सालापासनं राहातो? पुरावा हाय का काही?” कुत्रा काय सांगणार, त्यानं शेपटी हलवली. मग मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “असेल चार-पाच वर्षं. हाकलला तरी जात नाही मेला.” मामांनी गंभीरपणे मान डोलावली, वाकून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि निकाल दिला, “पात्र!”

मी मनात म्हटलं, बाई गं, हे नवीनच प्रकरण दिसतंय.

पुणतांब्यात आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी चालवायची म्हणजे सगळं गाव दळणाच्या निमित्तानं दारात येतं, त्यात शहाणेही येतात आणि अतिशहाणेही. पण मामांसारखा नमुना मी दुसरा पाहिला नाही. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मुंबईत सेंट्रिंगच्या कामात गेली. म्हणजे दिवसभर टॉवरच्या स्लॅबखाली फळ्या-बल्ल्या ठोकायच्या आणि संध्याकाळी नाल्याकाठच्या झोपडीत येऊन पडायचं. पुढे ती वस्ती पुनर्विकासात गेली. झोपड्या पाडून तिथं इमारती उठणार आणि राहणाऱ्यांना फुकटात घरं मिळणार असं ठरलं. बऱ्याच जणांच्या नावावर घरं लागली, मामांच्या नाही. मामा एक पत्र्याची पेटी घेऊन गावाला परतले आणि भावाच्या जुन्या घरात एका खोलीत राहू लागले. भाऊ-भावजय देवाघरी गेलेले, पुतण्या पुण्याला. मामांनी लग्न केलेलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “जागा नव्हती, ताई.”

मुंबईहून मामांनी आणली ती तिथली भाषा. ठरावीक तारखेच्या आधीपासून वस्तीत राहतोय असा पुरावा दिला, की माणूस ‘पात्र’. ती तारीख म्हणजे ‘कट-ऑफ’. गावात आल्यावर मामांनी दिसेल त्याला या कट-ऑफला लावलं. शेजारी नवी सून आली, तर सगळ्या बायका तिला नाव घ्यायला सांगत होत्या आणि मामा मागून विचारत होते, “लग्नपत्रिका जपून ठेवली हाय ना पोरी? ठेव. पुढं लागती.” माझ्या कोंबड्यांचं खुराडं बघून म्हणाले, “कार्पेट किती भरंल?” मी म्हटलं, “मामा, कोंबड्यांना मेल्यांना गालिचा कशाला?” तेव्हा त्यांनी मला समजावलं, की कार्पेट म्हणजे भिंती सोडून जिथं खरोखर पाय टेकवता येतो तेवढी जागा. “बाकी समदं बिल्डरचं बोलनं,” म्हणाले.

एकदा कुणीतरी गोदावरीचं पात्र रुंदावलंय म्हणालं, तर मामा हरखले. “बगा, नदी बी पात्र! व्हनारच की, लई जुनी रहिवासी हाय.”

एक मात्र सांगायला पाहिजे. या माणसानं माझ्यादेखत कधी कुणाला अपात्र ठरवलं नाही. गिरणीत घूस शिरली, तेव्हा मी काठी घेऊन उभी आणि मामा मध्ये आडवे. “आदी नोटीस द्या ताई. एकदम तोडू नका.”

“घुशीला नोटीस देऊ? कुठल्या भाषेत देऊ?” मी ओरडले. त्या गडबडीत घूस पळाली आणि मामा समाधानानं बसले.

त्यांच्या त्या शास्त्रात अपात्र एकच होता. एकदा कुणीतरी माझं पितळी माप लांबवलं. मी वैतागून आभाळाकडे हात केला, “नेऊ दे, वरचा बघतोय सगळं.” मामा चटकन म्हणाले, “वरच्याला कोन इचारतंय? वरचा अपात्र हाय!”

मी कानाला हात लावले. इतका देवभोळा माणूस, रविवारची उपासना न चुकवणारा, आणि देवाबद्दल हे असलं बोलतो? मग उलगडा झाला. मामा देवाबद्दल बोलतच नव्हते. त्यांच्या वस्तीत जागा कमी म्हणून झोपडीवर माळा चढवायचे आणि शिडी लावून वर आणखी एक कुटुंब राहायचं. पाहणी झाली तेव्हा तिथं नियम असा, की एका झोपडीमागे एकच घर, आणि ते जमिनीवर राहणाऱ्याला. “खालचा पात्र, वरचा अपात्र,” मामा म्हणाले. “वरच्याचा संसार हवेत धरत्यात.”

“आणि तुम्ही कुठले?”

“मी वरचा,” मामा म्हणाले आणि दळण घेऊन निघून गेले.

चर्चमध्येही त्यांनी हेच चालवलं होतं. पाळकसाहेब एका रविवारी सांगत होते, की स्वर्गात सर्वांसाठी जागा आहे. मामा मधेच उभे राहिले, “कट-ऑफ काय धरलाय, साहेब?” सगळी मंडळी हसली. पण त्यानंतर ते पाळकसाहेबांना एकट्याला गाठून विचारत राहिले, “जागेपायी मानूस खोटं बोलला, तर ते वर चालतं का?” पाळकसाहेब म्हणाले, “खोटं ते खोटंच, शांतवन.” मामा मान खाली घालून गेले. हे मला पाळकसाहेबांनीच दळायला आल्यावर सांगितलं. म्हणाले, बिचाऱ्यानं तिकडे काहीतरी खोटे कागद केले असणार आणि पकडला गेला असणार. मग काय, गल्लीला विषय मिळाला. आमचे हे तर तोंडावर म्हणायचे, “मामा, सगळा जन्म मुंबईत काढून तुम्हाला एक खोली पदरात पाडता आली नाही!” मामा हसून म्हणायचे, “न्हाई आली.”

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या आला, सुनील. पोरगा वाईट नाही. जुनं घर पाडायचं, खाली दुकानाचे गाळे काढायचे, वर घर बांधायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मामांना म्हणाला, “काका, बांधकाम होईपर्यंत तात्पुरतं कुठंतरी राहा. मग गच्चीवर तुम्हाला मस्त खोली काढून देतो.” सोमवारी जेसीबी येणार होता.

मामा गिरणीकडे फिरकेनात. शेवटी मीच गेले. खोलीच्या मध्यभागी पेटी ठेवून तिच्यावर बसले होते. नेहमीचं ‘सलाम ताई’ नाही, काही नाही.

“ताई, तात्पुरतं म्हंजी काय, ठावं हाय का?” म्हणाले. “आमच्या शेजारच्या वस्तीतली मानसं बिल्डिंग व्हईस्तवर तात्पुरती ट्रान्झिट कँपात गेल्ती. तिथंच पोरं झाली, पोरांची लग्नं बी तिथंच झाली. म्हातारी मानसं तात्पुरती मरून गेली.”

ते हसायला बघत होते, पण पेटीची कडी सोडत नव्हते. माणसाला या वयात आपली पेटी कुठं ठेवायची याचा घोर लागावा, याचं मला फार वाईट वाटलं. मी लगेच म्हटलं, “आमच्या गिरणीवर माळा आहे ना. तिथं राहा. तात्पुरतं नाही, कायमचं.” गिरणीच्या मागे खालीही एक खोली होती, पण तिच्यात पोती आणि जुन्या जात्याचे दगड. ती कोण रिकामी करणार?

मामा येऊन शिडी बघून गेले. लोखंडी, उभी शिडी आहे. त्यांचे गुडघे दोन पायऱ्या चढले तरी कटकट वाजतात. “चालंल की,” म्हणाले. “मला वरची सवय हाय.” मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तेवढ्यात शुक्रवारी दुपारी एक बाई गिरणीत आली. तिशीची, खांद्याला पर्स, हातात पेढ्यांचा बॉक्स. “शांतवनमामा इथं कुठं राहतात? मुंबईला सेंट्रिंगला होते ते. ते नेहमी पुणतांब्याचं नाव काढायचे, म्हणून स्टेशनपासून विचारत आले.” नाव वैशाली. मी तिला पाणी देते आहे, तोच मामा बाजरी घेऊन दारात. तिला बघून थिजलेच.

“वैशे?”

ती पाया पडली. “मामा, चावी मिळाली! बिल्डिंग झाली एकदाची!”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कशी आहेस, आई कशी आहे. मामांनी विचारलं, “कितवा मजला?”

“चौदावा.”

“कार्पेट?”

“तीनशे.”

“संडास आत हाय?”

“आत आहे मामा. आमचा आमचा.”

मामा मटकन पोत्यावर बसले. टॉवेल तोंडाला लावला. “आत हाय,” एवढंच म्हणत राहिले. “आत हाय म्हनं.”

मी गिरणी बंद केली. काहीतरी माझ्या ध्यानात येत नव्हतं. वैशालीनंच सांगितलं. “काकू, आम्ही वर राहायचो. मामांच्या माळ्यावर. बाबा वारले, आई आणि आम्ही तिघी बहिणी, कुठं जाणार? मामांनी माळा दिला. झोपडी मामांची, खाली मामा. सर्व्हेवाले गल्लीत आले, तसं मामांनी आम्हाला खाली उतरवलं. आईला स्टोव्हपुढं बसवलं, आमच्या हातात पुस्तकं दिली. आईचं रेशनकार्ड त्याच झोपडीच्या नंबरवर होतं, ते काढून ठेवायला सांगितलं, आणि स्वतः शिडीनं वर जाऊन बसले. साहेबांनी खालून हाक मारली, वर कोण आहे? तर वरून म्हणाले, मी आहे. मी वरचा.”

“गप गं!” मामा दबक्या आवाजात खेकसले. “मोठ्यानं बोलू नको! पात्रता रद्द व्हईल तुमची!” आणि त्यांनी गिरणीत नजर फिरवली. दळणाला आलेल्या दोन म्हाताऱ्या, भुऱ्या आणि मी. जणू आमच्यातलाच कुणी अधिकारी होता.

“म्हणून पत्ता न देता निघून आलात ना?” वैशाली रडत म्हणाली. “आई किती वाट बघत होती तुमची!”

“मंग? कुनी चौकशी केली आसती, मला गाठलं आसतं, तर माझ्या तोंडातनं खरं गेलं आसतं. मला खोटं बोलाया लई जड जातं. एकदाच जमलं.”

मला पाळकसाहेब आठवले, आमच्या ह्यांचे टोमणे आठवले, आणि ते ‘न्हाई आली’ म्हणून हसणं आठवलं. राग म्हणावा तर राग, आणि कुणाचा ते कळेना.

वैशालीनं डोळे पुसले. “आई म्हणाली, घरात पहिला पाय मामांचा. नाहीतर ती कुलूप उघडणार नाही. चला. आणि आता तिथंच राहायचं.”

“मानसं किती?”

“पाच.”

“तीनशेत पाच. मंग मी काय पंख्याला लटकू?” मामा हसले. “आन चौदावा मजला म्हंजी पुन्हा वरच की गं! पाय ठिवाया येतो. राहाया न्हाई.”

चर्चचा पांढरा सदरा घालून मामा दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गाडीत बसले. मी स्टेशनवरून तडक गिरणीत आले आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. आमचे हे म्हणाले, “आता हे काय नवीन? पोती कुठं ठेवू?”

“माळ्यावर ठेवा,” मी म्हटलं. “पोत्यांचे गुडघे दुखत नाहीत.”

मी वैशालीची गोष्ट त्यांना सांगितली होती. पोती त्यांनीच वाहिली, दगड त्यांनीच ढकलले, चुनाही त्यांनीच मारला. मी खाट टाकली, खिडकीचे गंजलेले गज पुसले, पाण्याचा माठ भरून ठेवला. सोमवारी जेसीबी आला. सुनीलनं मामांची पेटी आणून दिली, ती मी खाटेखाली सरकवली. त्या घराच्या भिंती दुपारपर्यंत बसल्या. धुरळा आमच्या पिठापर्यंत आला.

मामा संध्याकाळच्या आत आले. पाडलेल्या घराकडे त्यांनी एकदा बघितलं आणि सरळ गिरणीकडे वळले. “चौदाव्या मजल्यावर नळाला पानी येतंय, ताई,” म्हणाले. “मी सोता चालू करून बगितला.” मग शिडीपाशी गेले, चपला काढल्या, पहिल्या पायरीला हात घातला.

“मामा, तिकडं नाही. इकडं या.”

मी त्यांना मागच्या खोलीच्या दारात नेलं. त्यांनी चुन्याच्या भिंती पाहिल्या, खाट पाहिली, खाटेखालची पेटी पाहिली. मला वाटलं, आता कार्पेट विचारतील. पण ते आत पाऊल टाकेनात. मान वर करून छताकडे बघत राहिले.

“वर कोन राहातंय?”

“कोणी नाही मामा. पोती आहेत.”

“नक्की?”

“नक्की.”

“न्हाई, कुनी आसंल तर सांगा. मला वर...”

माझं डोकंच फिरलं. रडू येत होतं आणि ते लपवायला मी ओरडले, “कुणी असलं तरी नाही! एकदा केलंत तेवढं पुरे झालं! आता मुकाट्यानं खाली बसा!”

मामा दचकले. हळूच आत आले. भुऱ्या त्यांच्या आधीच आत शिरून खाटेपाशी लोळला होता. मामा खाटेच्या कडेवर टेकले, दोन्ही पाय जमिनीवर नीट ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

“खाली?” त्यांनी विचारलं.

“व्हय मामा,” मी म्हटलं. “खालीच.”