चेंबरमधले पांढरे कण

जिलाँगला जाऊन आलेल्या जुन्या मोटारीचं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर चंद्रहासने उघडलं, काळं तेल गाळलं आणि गाळणीवरचे पांढरे कण बघून सरळ भास्करची कॉलर धरली.

"किती पळवलीस?"

"तुम्ही सांगितलं तेवढीच, दादा. सायकलवाले हात करून पुढे जात होते."

"मग हे काय? बेअरिंगचा पांढरा धातू झिजून खाली आलाय! कोणाला फिरवून आणलंस? पोरगी होती ना शेजारी?"

गाडी नेव्हिल नावाच्या म्हाताऱ्याची, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. तिला तो पर्थपर्यंत नेणार होता. त्याआधी लांब चालवून इंजिन किती झिजतं ते बघायचं काम मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या चंद्रहासच्या गॅरेजकडे आलं होतं. चंद्रहासही एकेकाळी विद्यार्थी म्हणूनच आलेला. आता पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालेला शेठ. भास्कर पुण्याचा इंजिनिअर, पण पीआरच्या आशेने एका गल्लीतल्या कॉलेजात गॅरेजकाम शिकत होता. कॉलेजात इंजिन एकही नव्हतं, फी घ्यायच्या खिडक्या मात्र दोन. पीआरसाठी गॅरेजमालकाच्या सहीचं अनुभवाचं पत्र लागे, आणि त्या सहीपायी मेलबर्नभर पोरं फुकट राबत होती. मालकांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांची पेनं कधी सापडत नसत. भास्करचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. सही तेवढी राहिली होती.

"पत्र विसर आता," चंद्रहास म्हणाला.

"निदान बेअरिंग उघडून मोजू तरी, दादा."

"मोजायचं काय? डोळ्यांना दिसतंय!"

आणि त्याने नेव्हिलला फोन करून टाकला. इंजिन गेलं, पोराने वाट लावली. नेव्हिल म्हणाला, निघालोच.

भास्करने एक कण पेट्रोलमध्ये धुतला, नखाने दाबला. कण मोडला. धातू असा मोडत नाही. त्याने तो उजेडात धरला.

"दादा, हा तांदूळ आहे. कच्चा."

चंद्रहासने आधी कणाकडे बघितलं, मग जास्त संशयाने भास्करकडे. "म्हणजे गाडीत डबा खाल्लास! परवा वीणाने मसालेभात दिला होता तुला. थांब, तिलाच विचारतो."

त्याने बायकोला फोन लावला, स्पीकरवर.

"कच्चा तांदूळ?" वीणा म्हणाली. "कच्चा भात कोण खातं रे, चंदू? दसऱ्याला गॅरेजात पूजा केली तेव्हा तूच त्या गाडीवर मूठभर अक्षता फेकल्यास. तेलाचं टोपण उघडं होतं. मी ओरडले, तर म्हणालास, मंत्राच्या मध्ये बोलू नकोस."

चंद्रहासने फोन बंद केला. बाहेर नेव्हिलची गाडी थांबली.

"भास्कर," एकदम आवाज मऊ झाला, "तू टाकलेस म्हणून सांग ना. तू शिकाऊ, तुला तो माफ करेल. माझं नाव खराब होईल रे."

"सांगतो. आधी सही."

पेन लगेच सापडलं. पत्र खिशात गेल्यावर भास्कर नेव्हिलसमोर उभा राहिला. तांदूळ त्यानेच टाकले, प्रार्थना म्हणून, टोपण बघितलं नाही, सॉरी.

नेव्हिल गाळणीकडे बघतच राहिला. मग त्याने बेअरिंग उघडायला लावली, स्वतः बोट फिरवून बघितलं. झीज नावालाही नव्हती.

"आमच्याकडे लग्नात नवरानवरीवर तांदूळ टाकतात," तो गाडीवर थाप मारत म्हणाला आणि खो खो हसला. "माझ्या म्हातारीसाठी कोणी प्रार्थना करेल असं वाटलं नव्हतं, मेट. पर्थला माझ्याबरोबर तूच चल. मेकॅनिक म्हणून, पगारी. तुझा फोटो आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मासिकात छापू."

मासिकातला फोटो हातचा जातोय म्हटल्यावर चंद्रहासला राहवलं नाही.

"नेव्हिल, खरं सांगू? तांदूळ मी टाकले. पूजा माझी होती."

नेव्हिलने डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मघाशी फोनवर पोराने वाट लावली म्हणालास. आता तूच केलंस म्हणतोस? सोड, मेट. मी म्हातारा असेन, मूर्ख नाही."