एका पिवळ्याला तीन केशरी

श्रीमंतला शर्यतीचा बैल पाळायचा होता आणि रोहिणीने चहा गाळता गाळता त्याला नाही म्हटलं होतं. नुसतं नाही म्हणाली असती तर त्याने वाद घातला असता, पण तिने हिशेब सांगितला.

"सरकी पेंड, कडबा, खारीक, अंडी. तेल चोळायला गडी. पळवायला न्यायचं तर टेम्पो. तुमचा सगळा पगार बैलानं खाल्ल्यावर आपन काय, बैलाचं त्वांड बघत बसायचं?"

काष्टीच्या अलीकडे जी वाडी लागते, तिथल्या दूध डेअरीचा श्रीमंत सचिव होता. रोज सकाळी गावाच्या दुधातलं पाणी शोधून काढणाऱ्या या माणसाला बायकोच्या हिशेबात मात्र थेंबभर पाणी सापडलं नाही.

तडजोड निघाली ती वेफर्सच्या पुड्यातून. कुठल्याशा कंपनीने पाच रुपयांच्या पुड्यात शर्यतीच्या बैलांची कार्डं घालायला सुरुवात केली होती. वर बैलाचा फोटो, खाली मालकाचं गाव, शिंगांची ठेवण आणि त्याने किती मैदानं मारली तो आकडा. साध्या बैलांच्या कार्डाला पांढरी किनार, तालुका गाजवलेल्यांना केशरी, आणि या सगळ्यांचा बाप जो पाखऱ्या, त्याला एकट्याला पिवळी. श्रीमंतच्या घरातलं पहिलं कार्ड निघालं ते त्याच्या आईच्या चहात. कडूबाईला दात नव्हते, ती वेफर चहात भिजवून खायची. "आजचा यफर लई चिवट हाय रं," असं ती म्हणाली तेव्हा श्रीमंतने तिच्या बोटांतून एक केशरी बैल सोडवून घेतला, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसला, आणि त्या दिवशी डेअरीत उशिरा पोचला.

"ह्यो बैल काय बी खात न्हाई," त्याने रोहिणीपुढे कार्ड धरलं. "पेंड न्हाई, गडी न्हाई, टेम्पो न्हाई."

रोहिणीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि आठवड्याला वीस रुपये मंजूर केले. "त्याच्या वर एक पुडा घरात दिसला तर समदा गोठा चुलीत घालीन."

वीस रुपयांत चार पुडे येतात. चार पुड्यांत गोठा भरायचा म्हणजे डोकं चालवायला हवं, आणि श्रीमंतचं डोकं अशा कामात फार चाले. तो दुकानात जाऊन प्रत्येक पुड्याचा कोपरा दाबून बघू लागला. कार्डाची धार कुठे लागते, जाडी किती लागते, यावरून आत पांढरं की केशरी हे कळतं असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी दुकानदार म्हणाला, "सचिव, म्हशीची कास चाचपल्यावानी पुडे चाचपू नका. निम्म्या यफरचा चुरा झालाय." मग श्रीमंतने अदलाबदलीवर जोर दिला, कारण अदलाबदलीला पैसे पडत नाहीत. शाळेच्या पोरांशी तो अशी घासाघीस करी की सचिव लांबून दिसला तरी पोरं खिशावर हात ठेवत. फोडलेल्या पुड्यांचं काय, तर ते सगळे कडूबाईच्या चहात जात. म्हातारी खूश होती.

दिवाळी उलटेपर्यंत पत्र्याच्या डब्यात सगळे बैल जमले. एक सोडून. पाखऱ्या कुणालाच सापडत नव्हता.

आणि नेमकी तेव्हाच कंपनीने जाहिरात लावली. येत्या शनिवारी काष्टीच्या बाजारात खरा पाखऱ्या येणार, आणि जो पुरा संच दाखवील त्याला पाखऱ्याचा कासरा हातात धरून फोटो काढायला मिळणार. ती जाहिरात वाचल्यापासून श्रीमंत दुधाचं फॅट लावताना चुकायला लागला. स्वतःचा बैल तर नशिबात नव्हता. निदान एकदा, भर बाजारात, चार ओळखीच्या माणसांदेखत, महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या बैलाचा कासरा आपल्या मुठीत असावा, एवढंच त्याचं मागणं होतं. हातात होता फक्त आठवडा, आणि त्या आठवड्याचे वीस रुपये आधीच चहात बुडाले होते.

तेव्हा त्याने मोबाईल काढला. डेअरीच्या ग्रुपवर अख्खं गाव होतं. दुधाचे दर, पेंडीची गाडी, जनावरांचा डॉक्टर, सगळं तो तिथेच कळवी. पण पंचेचाळिशीच्या सचिवाने बैलांची चित्रं मागायची, हे त्याला बरं वाटेना. ज्याला कळायचं त्याला कळेल, अशा बेताने त्याने लिहिलं:

"ज्यांच्याकडे डबल कार्ड असेल त्यांनी उद्या दूध घालायला येताना ते गुपचूप घेऊन यावे. एका पिवळ्याला तीन केशरी देण्यात येतील. पांढऱ्याचा विचार केला जाणार नाही."

आणि बोटाला सवय होती म्हणून खाली घातलं, "हुकमावरून, सचिव."

आता वाडीत कार्ड म्हटलं की एकच कार्ड, रेशनचं. ते पिवळं असतं गरिबाला, केशरी मधल्याला आणि पांढरं ज्याचं बरं चाललंय त्याला. हे श्रीमंतला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गेले तीन महिने त्याच्या डोक्यात बैल सोडून दुसरं काही शिरतच नव्हतं.

सकाळी डेअरीत रांग नेहमीएवढीच होती, पण आवाज नव्हता. रोज फॅटवरून भांडणारी माणसं किटल्या धरून खाली मान घालून उभी होती. पुंजारामतात्या सगळ्यात पुढे होते. हे दोन ट्रॅक्टरचे धनी. त्यांनी आजूबाजूला बघितलं, किटलीचं झाकण काढलं, आणि झाकणाच्या आत चिकटवलेली प्लॅस्टिकची पिशवी श्रीमंतच्या हातात दिली.

"पिवळं हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

श्रीमंतने पिशवी दोन्ही हातांनी धरली. "तात्या, तुमच्याकडं? कवापासून?"

"लई दिसांपासून. पोरानं काडलं हुतं. मला म्हाईत बी नव्हतं."

"चांगल्या हालतीत हाय ना? कोपरे दुमडल्याले न्हाईत ना?"

"तसंच्या तसं हाय. वापरलं बी कमीच." तात्यांनी घाम पुसला. "आन् सचिव, तीन केशरी नकोत मला. एकच द्या. पन माझं नाव कुटं येऊ देऊ नका."

"नाव कशाला येतंय? फोटो तर माझा निघनार हाय."

"फोटो बी काडत्यात व्हय?" म्हणत तात्या किटली तिथेच ठेवून चालू लागले.

श्रीमंतने पिशवी उघडली. आत पाखऱ्या नव्हता. आत पुंजारामतात्या, त्यांची मंडळी आणि तीन पोरं होती, वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांच्या आत.

मग त्याला कळलं, आणि कळेपर्यंत टेबलावर आणखी सात पिशव्या जमल्या होत्या. श्रीमंत ज्याला त्याला सांगू लागला, "आरं, मला बैलाचं पायजे, बैलाचं." ऐकणारा डोळा मिचकावून म्हणे, "व्हय व्हय, बैलाचं," आणि पिशवी आणखी आत सरकवी. खोटी रेशनकार्डं गोळा करायच्या सरकारी कामाला सचिवाने चांगलं टोपणनाव शोधलं, असं गावाचं मत पडलं.

फक्त दगडाबाई उलटं बोलली. तिची दोन्ही पोरं ऊसतोडीला गेली होती, आणि कोण्या काळी कोणी भरलेल्या कागदामुळे तिच्या नशिबी केशरी आलं होतं. "शिरमंता, तुजा निरोप पोरीनं वाचून दावला. तीन केशरी कुटनं आनू? माज्याकडं येकच हाय. राह्यलेली दोन, पोरं आल्यावर देते. पिवळं आजच दे."

"मावशी, ते तसं न्हाई."

"मग कसं हाय? तात्याला पिवळं जमतं आन् मला न्हाई व्हय?"

श्रीमंतने तिचं दूध मापलं आणि कोणी परत घेईना म्हणून सगळ्या पिशव्या उचलून घरी नेल्या. तिथे त्याने पुंजारामतात्यांची गोष्ट रोहिणीला मोठ्या चवीने सांगितली. "दोन ट्रॅक्टर दारात, आन् फुकटाचा गहू. मानसाला लाज असावी," असं म्हणत त्याने तिसरी पोळी मोडली.  रोहिणीने चौथी वाढली.

शुक्रवारी दुपारी दारात जीप थांबली. मेसेज फिरत फिरत तालुक्याला पोचला होता, आणि पुरवठा निरीक्षक डोळससाहेब स्वतः आले होते. साहेब खुर्चीवर बसले, पंख्याकडे बघितलं, नव्या फरशीकडे बघितलं, मग मोबाईलवरून मेसेज मोठ्याने वाचला.

"हुकमावरून," ते म्हणाले. "कुणाच्या?"

"सवय हाय साहेब बोटाला."

"शासकीय शिधापत्रिकांची अदलाबदल. भाव पण ठरवलाय. एकास तीन. तुमची नोकरी जाईल एवढ्यावर भागलं तर नशीब समजा."

श्रीमंतने धावत जाऊन पत्र्याचा डबा आणला आणि साहेबांच्या पुढ्यात उघडला. "हे बघा. शपथेवर सांगतो. मला ह्ये पायजे हुतं."

साहेबांनी एक कार्ड उचललं. दुसरं उचललं. मग चष्मा लावून सगळी कार्डं टेबलावर ओळीने मांडायला घेतली.  रोहिणीने चहा आणून ठेवला तरी साहेबांचं लक्ष गेलं नाही.

"पाखऱ्या नाही?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यासाठीच तर हा सगळा घोळ झाला."

साहेबांनी दाराकडे बघितलं. ड्रायव्हर जीपमध्ये झोपला होता. त्यांनी आपल्या मोबाईलचं मागचं कव्हर सोडवलं. आत दोन पिवळी कार्डं होती. दोन्ही पाखऱ्या.

श्रीमंत खुर्चीवरून अर्धा उठला. "साहेब, उद्या बाजार हाय."

"माहीत आहे. मला पण जायचंय. माझी तीन केशरी कमी आहेत."

"माझ्याकडं डबल केशरी बक्कळ हायेत. तुमाला कोनती पायजेत?"

साहेबांना हवी असलेली तीन निघाली, पण त्यातल्या एकावर चहाचा डाग होता. कडूबाईच्या चहातलं ते पहिलंच कार्ड. साहेबांनी ते उजेडात धरलं. "डागी माल आहे. हे तीन धरता येणार नाही. अडीच होतात."

"साहेब, डाग पाठीमागनं हाय."

"अडीच."

"वर दोन पांढरी देतो."

"पांढऱ्याचा विचार केला जाणार नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

घासाघीस रंगली. श्रीमंत हात जोडतोय, साहेब पिवळं कार्ड परत कव्हरात घालतायत, हे कडूबाई आतल्या दारातून बघत होती. तिला बैल कळले नाहीत, एवढंच कळलं की आपल्या लेकाला एक पिवळं हवंय आणि साहेब देत नाहीत. ती आत गेली. ज्या कोठीतला गहू घरात 'म्हातारीचा गहू' म्हणून ओळखला जायचा आणि जी कोठी महिन्याच्या महिन्याला कशी भरते याचा श्रीमंतने कधी विचार केला नव्हता, त्या कोठीखाली तिने हात घातला. बाहेर येऊन तिने साहेबांच्या मांडीवर एक कार्ड ठेवलं.

"घ्या. पिवळ्याला पिवळं. फिटंफाट झाली. द्या माज्या लेकाचं."

साहेबांनी ते उघडून वाचलं. "कडूबाई. एकटी. निराधार. चूल वेगळी." त्यांनी पंख्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, दारातल्या मोटारसायकलकडे बघितलं, आणि शेवटी श्रीमंतकडे बघितलं.

"निराधार कोण, तुम्ही का?"

श्रीमंतने रोहिणीकडे बघितलं. रोहिणी चहाच्या कपाकडे बघत होती.

"आत्या चांगल्या मनानं देत्यात साहेब," ती म्हणाली. 

साहेब मनाचे मोठे निघाले. गावाने आपणहून अपात्र कार्डं जमा केली, असं लिहायचं ठरलं, म्हणजे कोणावर कारवाई नको. सगळ्या पिशव्या जीपमध्ये गेल्या, आणि सर्वांत वर कडूबाईचं कार्ड. श्रीमंतने दगडाबाईचं गाऱ्हाणं घातलं तेव्हा तिला पिवळं मिळायला काही हरकत दिसत नाही, असंही ते म्हणाले. निघताना त्यांनी पाखऱ्या श्रीमंतच्या हातावर ठेवला आणि डागाचं केशरी धरून तीनही केशरी खिशात टाकली. "आजींनी वर काहीतरी घातलं, म्हणून," ते म्हणाले.

शनिवारी काष्टीच्या बाजारात श्रीमंतने पाखऱ्याचा कासरा धरला. त्याच्या मागच्या नंबरवर डोळससाहेब साध्या कपड्यांत उभे होते, त्यांनीही धरला. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. पुंजारामतात्यांनी लांबून हे सगळं बघितलं आणि साहेबाला बैलापर्यंत नेणारा सचिव फार पोचलेला आहे, याची त्यांना खात्री पटली.

संध्याकाळी श्रीमंतने फोटो रोहिणीपुढे धरला. ती किराणा दुकानातून आली होती. तिने डोक्यावरचं गव्हाचं पोतं खाली टाकलं, पदराने मान पुसली आणि फोटो नीट पाहिला.

"बैल चांगला हाय," ती म्हणाली. "आता दर म्हैन्याला पोतं इकत आनायचं. तांदूळ येगळा."

"हं."

"म्हंजी बैलाचा खर्च चालू झालाच की."

श्रीमंतने फोटो खिशात ठेवला. रोहिणी पोत्याची शिवण उसवत म्हणाली, "खरा आनला असता तर निदान शेन तरी मिळालं असतं."