वाघमारेकाकांचा नकाशा

आमच्या इमारतीतले वाघमारेकाका लिंबू घेण्याआधी ते नाकाला लावतात आणि भाजीवाल्याला विचारतात, "इसकी माँ कौन?" भाजीवाला आता सवयीने "मालूम नहीं, चाचा" म्हणतो. मग काका नाराजीने एकच लिंबू घेतात.

काकांची सगळी नोकरी मराठवाड्यातल्या एका फळ संशोधन केंद्रात मदतनीस म्हणून गेली. मोसंबी, संत्रं, पपनस यांच्या कुठल्या गुणसूत्रावर कुठलं जनुक बसलंय, याचा नकाशा तिथे चालू होता. फुलांना परागकण लावले काकांनी, रोपं मोजली काकांनी, कागदावर नावं आली साहेबांची. निरोपाच्या दिवशी काका म्हणाले, आता घरी करतो. साहेब हसले. याला मशीन लागतं, म्हणाले.

तेवढं पुरलं. भाईंदरला आल्यावर काकांनी पाली गावातल्या एका अंगणात पपनसाचं झाड हेरलं, त्याच्या फुलांना गावाहून आणलेले संत्र्याचे परागकण ब्रशने लावले, आणि त्यातून धरलेल्या फळांच्या बियांची साठेक रोपं आमच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत उभी केली.

मला त्यांनी जिन्यात उभं करून समजावलं. काटे आणि देठाचा रुंद पंख, म्हणजे पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी फुटलेली हिरवी पट्टी, हे दोन गुण बहुतेक रोपांत जोडीनेच उतरले, तर त्यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी राहतात. जितकी ताटातूट कमी, तितका शेजार जवळचा. एवढं सांगून त्यांनी माझ्या हातातली कढीपत्त्याची जुडी हुंगली. तोही लिंबाच्याच भावकीतला, म्हणाले.

मग सेक्रेटरी शाहांच्या छताला ओल आली आणि दोष डब्यांवर आला. काकांचं एकच पालुपद, "पुरावा दाखवा." पुरावा त्यांनीच काढला. आठ दिवस प्रत्येक डब्याखालच्या लादीवर नीळ कालवलेलं पाणी ओतलं. गच्ची निळी झाली, शाहांचा डाग पिवळाच राहिला. पाणी टाकीच्या पाइपातून झिरपत होतं.

तरी दुरुस्तीसाठी गच्ची रिकामी करायची ठरली. मीटिंगमध्ये शाह समजुतीने म्हणाले, "वाघमारेजी, अच्छे वाले रखो, बाकी फेंक दो." काका उभे राहिले.

"खुजं, वाकडं, काटेरी, सगळं मोजायचं असतं. नावडतं रोप फेकलं की नकाशा खोटा. एकही फेकणार नाही."

दुसऱ्या दिवशी काका एकेक डबा जिन्याने खाली आणू लागले. त्यांच्या एका खोलीत किती मावणार? मी म्हटलं, दोन माझ्या गॅलरीत ठेवा. मग मजल्यामजल्यावर दारं उघडली. शाहांनी तीन घेतले.

दर रविवारी काका वही घेऊन घरोघर फिरू लागले. काटे मोजायचे, देठाचा पंख मापायचे, पान चुरगळून हुंगायचे. कुणी चहा विचारला की आधी नको म्हणायचे, मग बसायचे.

उन्हाळ्यात मी आठवडाभर पुण्याला गेले आणि माझी दोन्ही रोपं वाळली. रविवारी मी खालमानेने सांगितलं. काका रागावले नाहीत. वहीत दोन्ही आकड्यांपुढे "मेलं" असं लिहिलं, सही केली आणि गेले.

पुढच्या रविवारी अकरा वाजता पुन्हा बेल वाजली. मी म्हणाले, "काका, माझ्याकडे आता मोजायला काही नाही."

"माहितीये," ते म्हणाले, आणि दाराशी चपला काढू लागले.