लिफ्टच्या दाराची मोहीम, मुक्काम मुलुंड

ऐका रे मंडळी, मोबाईल खाली ठेवा, कारण मुलुंड पूर्वेच्या 'शांतादीप' सोसायटीत जो रणसंग्राम झाला तो जैसा घडला तैसा, पदरचा मसाला फारसा न घालता, सांगतो.

तर राजमान्य राजेश्री सर्वेशराव, चौथा मजला, यांनी एका कोड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये स्वतःची लेव्हल बांधली. बांधली म्हणजे काय यार, आमची बिल्डिंगच उचलून आत ठेवली. वीराने जुन्या जाळीच्या लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर उतरावे, जिन्याने खाली येऊन चावी घ्यावी आणि मग पुन्हा लिफ्ट बोलावून गच्ची गाठावी, ऐसा बेत. निलेश आणि दीप्ती या बिल्डिंगमधल्याच सरदारांनी चहा निवायच्या आत गच्ची सर केली, आणि सर्वेशराव नसलेल्या मिशीवर ताव देते झाले, आणि फर्मान सुटले की आता जगाने खेळावे.

गेमचा दस्तूर ऐसा, की रविवारच्या दिवेलागणीपर्यंत परमुलखातल्या एका तरी खेळाडूने पार केली नाही तर लेव्हल बाद. आणि आपण गेम डिझायनर झाल्याची दवंडी सर्वेशरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर आधीच पिटलेली.

मग फीडबॅकच्या फौजा आल्या. कोणी लिहिले लिफ्ट येतच नाही, कोणी लिहिले लेव्हल तुटकी, आणि घाटकोपरचे ओजस नामे मातब्बर खेळाडू, त्यांनी एकच स्टार भिरकावून पुसले, की बनवणाऱ्याने जन्मात लिफ्ट पाहिली आहे काय. सर्वेशरावांचा उलट हुकूम, की लिफ्टमध्ये बग नाही, तुमच्यावर संस्कार नाहीत. येणेप्रमाणे लोकप्रियता फारच वाढली.

रविवारी दुपारी अंधेरीच्या टॉवरातून जान्हवीबाईसाहेब, सर्वेशरावांची कॉलेजची मैत्रीण, खुद्द चालून आल्या आणि खेळायला बसल्या, आणि गेममधल्या लिफ्टसमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

"अगं, तिसऱ्या मजल्यावर जाळी उघडी टाकलीस ना, मग कशी येईल?"

"आमच्याकडे दार आपोआप लागतं रे. लावायचं असतं, हे मला कोण सांगणार?"

ते समयी सर्वेशरावांस उमगले, की परीक्षेला जे निलेश-दीप्ती बसवले ते दोघे याच जाळीशी लहानाचे मोठे झालेले, त्यांचा हात दार आपसूक ओढतो. बाहेरच्यांची मात्र वाट लागली. आणि तेवढ्यात जिन्यातून तोफ कडाडली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाकाकू, मूळ मुलूख मालवण:

"लिफ्टचा दार लावा रे मेल्यांनू!"

जान्हवीबाई वर येताना उघडेच टाकून आल्या होत्या.

मग मसलत झाली, की हीच तोफ गेममध्ये चढवावी. विनंती करावी तर काकू लाजणार, म्हणून निलेशरावांनी दार मुद्दाम उघडे टाकले आणि दीप्तीने रेकॉर्डिंगला मोबाईल धरला, आणि दुसरी तोफ पहिलीहून सरस निघाली. ती लेव्हलमध्ये भरली, की वीराने दार उघडे टाकले रे टाकले, काकू गरजणार.

उन्हे कलता ओजस गेममधल्या गच्चीवर पोचले. पाच स्टार, आणि खाली शेरा: "झकास. त्या काकूंना सांगा, दार लावलं."

सर्वेशराव तडक लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि काकूंना सगळा पराक्रम सांगितला, आणि त्यांच्या आवाजाने परमुलूख कसा जिंकला तेही सांगितले. काकूंनी एवढेच पुसले:

"ता सगळा बरा. पण येताना दार लावलंस मां?"

लेव्हल वाचली, मोहीम फत्ते झाली, ऐसे येथे नोंदवले असे. दार लावले नव्हते, हेही नोंदवले असे.